साहेबांच्या बागेतले सात लॉब

लाभ

खामगावच्या साहेबांच्या बागेतून सात कबरी चोरीला गेल्या, ही बातमी मला संक्रांतीनंतरच्या बुधवारी सकाळी टपालाच्या खिडकीत कळली. मी नारायणराव, तेव्हा इथला पोस्टमास्तर. बैल चोरीला जातो, घंगाळ जातं, लोणारच्या जत्रेत एकदा माझी स्वतःची छत्री गेली होती. पण कबर चोरीला गेल्याचं १९३१ सालापर्यंत वऱ्हाडात कोणी ऐकलं नव्हतं. मी मोठ्यानं हसलो. मग पाहिलं, तर बातमी सांगणारी गोजरबाई पदरानं डोळे पुसत होती. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

“मास्तर, त्या कबरी मीच इकल्या म्हनते सायेब,” ती म्हणाली. “ऐतवारपर्यंत दाखव, नाही त घर खाली कर म्हनते.”

साहेबांची बाग म्हणजे कापसाच्या पेठेपलीकडची गोऱ्या लोकांचं जुनं कबरस्थान. पण कबरस्थान तिला कोणी म्हणत नसे, कारण आत चिंचा होत्या, निंब होते, आणि दोन कबरींच्या मध्ये गुलाब असे फुललेले की रस्त्यानं जाणारा माणूस घटकाभर फाटकाशी थांबायचा. कापसाच्या पहिल्या तेजीत आलेले जिनांचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांचे, मॅनेजर, त्यांच्या मडमा, रेल्वेचा एक इंजिनीयर, असे सगळे तिथे निजले होते. गोजरबाई तीस वर्षं त्यांची माळीण. तिच्या आधी तिचा सासरा हेच काम करायचा. नवरा गेला, मूलबाळ नाही, फाटकालगतचं दोन खणांचं घर आणि ही बाग, एवढाच तिचा संसार.

बागेचा कारभार हॉकिन्स साहेबांकडे होता. एका जिनाचे निवृत्त मॅनेजर, मनानं भले, कानानं थोडे कमी. त्यांच्या मनात आलं की भिंतीआड कुलूपबंद ठेवलेली ही बाग सगळ्या गावाची व्हावी, फाटकावर एक मोठा नकाशा लागावा, कोण कुठे निजलंय ते गावानं वाचावं. दफनाची जुनी वही वाळवीनं खाल्ली होती आणि निम्म्या दगडांवरची अक्षरं उडाली होती. म्हणून आदल्या महिन्यात, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी तीन माणसं कामाला लावली. पेठेत धान्य मोजणारा शालिग्राम मापारी कबरी मोजणार, गोजरबाई नावं सांगणार आणि साहेबांचा कारकून रामराव लिहून घेऊन नकाशा काढणार.

नकाशा झाला. साहेब तो हातात धरून बागेत गेले आणि तिथेच घोटाळा झाला. नकाशात कबरी अठ्ठावन्न, जमिनीवर एक्कावन्न. ज्या सात नव्हत्या त्या सातही एकाच आडनावाच्या होत्या, लॉब. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक लॉब दाखवलेला, आणि त्या प्रत्येक जागी जमिनीवर काय होतं, तर नुकतीच उकरलेली माती आणि तिच्यात खोवलेलं मोगऱ्याचं रोप.

ती रोपं गोजरबाईनंच लावली होती.

दोन

माझं कुटुंब अन्नपूर्णाबाई मूळची उंद्रीची, शेतकऱ्याच्या घरची. तिला इंग्रजी सोडा, मराठीही अडखळत वाचता येतं, पण गावात कोणाच्या घरी काय बिनसलंय ते तिला माझ्या टपालाच्या आधी कळतं. दुपारी जेवताना मी हकिकत सांगितली, तर तिनं वाढता वाढता डाव खाली ठेवला आणि माझी भाकरी अर्धीच राहिली.

“तिनं कधी बागेतलं एक फूल इकलं नाही, ते दगड इकन?” ती म्हणाली. “उठा.”

पोलीस यायच्या आधी आपण चौकशी करायची, असं आमच्या घरात ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं आणि मी डोक्याला टोपी घातली.

गोजरबाईनं आम्हाला सगळी बाग हिंडवली. मला वाटलं होतं ती रडेल, पण एकदा कबरींमध्ये शिरल्यावर ती आपलं दुःख विसरूनच गेली. हा मार्टिन साहेब, यानं पेठेत कापसाच्या गाठी दाबायचा पहिला वाफेचा दट्ट्या आणला आणि चालू करायच्या दिवशी नारळ फोडायला स्वतः वाकला. ही मेरी मडम, हिला कच्ची चिंच आवडायची, म्हणून सासऱ्यानं हिच्या उशाशी चिंच लावली. हा इंजिनीयर वऱ्हाडी शिव्या इतक्या चांगल्या द्यायचा की मजूर मुद्दाम चुका करायचे. एक्कावन्न कबरींपैकी एकही तिनं मुकी सोडली नाही. बावीस वर्षं या गावात राहूनही भिंतीपलीकडे एवढं गाव निजलंय हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी लॉबचं विचारलं.

“ह्या नावाचा कोनी सायेब इथं निजलाच नाही, मास्तर. माह्या सासऱ्यानं मले येकयेक नाव पाठ करून देल्लं. मी हे नाव कधी तोंडातून काढलं नाही.”

मोगऱ्याचं विचारलं, तर म्हणाली, गाव पहिल्यांदा बागेत येणार, ओळीच्या तोंडाशी चांगला वास नको का? एवढं बोलून तिनं बागेच्या मधल्या विहिरीतून पाणी शेंदून आम्हाला पाजलं. विहीर ऐसपैस, दगडानं बांधलेली, पण कठडा घोट्याइतकाच.

तिथून आम्ही साहेबांच्या बंगल्यावर जाऊन नकाशा पाहिला. रामरावाचा हात सुरेख होता. प्रत्येक चिंच, प्रत्येक निंब जिथल्या तिथे. मी लॉबांची नावं बोटानं दाखवत होतो, तर हिनं भलतंच विचारलं.

“इहीर कुठं हाय यात?”

मी शोधली. विहीर नव्हती. दगडी बाकही नव्हते, गुलाबाचे ताटवेही नव्हते. अन्नपूर्णाबाई “हं” म्हणाली. हिचं हे “हं” मी ओळखतो. याच्यानंतर माझ्या घरात कोणाचं तरी बिंग फुटतं.

तीन

शालिग्राम मापारी पेठेत ज्वारीच्या राशीपाशी बसला होता. मापाऱ्याला मोजणीच्या मध्ये बोलू नये हे मला कळायला हवं होतं. पण चौदावी पायली पोत्यात पडताना मी त्याच्याशी बोललो आणि त्याचा हात जागीच थांबला. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं, पोतं राशीवर पुन्हा उपडं केलं आणि सुरू झाला, लाभ, दोन, तीन. ती रास संपेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो आणि मनातल्या मनात सरकारी नोकराच्या अब्रूचा विचार करत राहिलो.

रास संपल्यावर तो गोड झाला. म्हणाला, मोजलेलं चुकलं असेल तर माप हातात धरणार नाही.

“मले काय, ज्वारी काय अन् कबर काय. येक वळ म्हंजे येक रास. रास बदलली का मोजनी नव्यानं. काठी टेकवली, आकडा बोललो, गोजरबाईनं नाव सांगतलं. वळी सात. बेरजा त्या कारकुनानं करायच्या.”

कुठल्या ओळीत किती ते त्यानं तोंडपाठ सांगितलं. मी कागदावर मांडलं. एक्कावन्न. म्हणजे मापारी आणि माळीण एका बाजूला, कारकून दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, दोघांनी मिळून दगड विकले असतील आणि आता आकडे जुळवून बोलत असतील. हे मी अन्नपूर्णाबाईला सांगितलं नाही, कारण मला रात्रीचं जेवण हवं होतं.

दगड विकला तर घेणारा कोण, याचं उत्तर मात्र अख्ख्या पेठेला दिसत होतं. उकंडराव जमीनदारानं नवा ओटा बांधला होता, पांढऱ्याशुभ्र दगडाचा. मी त्याच्याकडे जाऊन ओट्याची तारीफ करत करत दगड कुठला असं विचारलं. उकंडराव हुशार माणूस. तो तांबडालाल झाला आणि म्हणाला, “मास्तर, तुम्ही मले मुडद्याच्या उशाचा दगड घरात लावनारा समजून राह्यले का?”

मी घाबरून ओटा निरखू लागलो आणि तेव्हा मला आठवलं. या दगडाची रेल्वेची पावती पाकिटातून आली होती, तीही दिवाळीच्या आधी, आणि उकंडरावाच्या हातात मीच दिली होती. कबरींची मोजणी तर दिवाळीनंतर दीड महिन्यानं झाली. मी माफी मागितली. त्यानं मला त्याच ओट्यावर बसवून चहा पाजला, आणि तो चहा मला फार गरम लागला.

घरी येताना माझ्या मनात आणखी एक गोष्ट खुपत होती. सात माणसांचं कुटुंब या गावात जगलं आणि इथेच संपलं. तरीही बावीस वर्षांत कुठल्या लॉबच्या नावाचं एक पत्र आलं नाही, एक चौकशी नाही. इथे मेलेल्या गोऱ्या लोकांच्या नातेवाइकांची पत्रं मला वर्षाला दोनतीन तरी येतात.

दारात साहेबांचा शिपाई चिठ्ठी घेऊन उभा होता. साहेबांनी रामरावाला समोर बसवून पुन्हा विचारलं होतं. रामराव गंगाजळ हातात घेऊन शपथ वाहायला तयार होता. लॉब हे नाव त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि एकदा नाही, सात वेळा.

मी चिठ्ठी वाचून दाखवली आणि मान हलवली. गोजरबाईचं घर गेलं, असं मला वाटलं.

अन्नपूर्णाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“मंग त्यानं ऐकलं असन,” ती म्हणाली. “अन् गोजरबाई बोलली बी नसन. दोघंबी खरं बोलून राह्यले.”

चार

हे कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण शुक्रवारी रामरावाच्या घरी हळदीकुंकू होतं, आणि ती नवं लुगडं नेसून तिळगुळाचा डबा घेऊन गेली. पुरुषांच्या चौकशीत माणसं कबूल होतात की नाही ते मला माहीत नाही. बायकांच्या हळदीकुंकवात मात्र कोणी काही लपवून ठेवू शकत नाही.

रामराव मुंबईचा. आईबाप लहानपणीच वारलेले, खाणावळीत वाढलेला. बदली होऊन इकडे आला त्याला दोन वर्षं झाली होती. माणूस सरळ, पण थंडीला फार भिणारा. त्याची बायको रुख्मिणी त्याहून सरळ आणि सोवळ्याओवळ्याची कडक. अन्नपूर्णाबाईनं तिला वाण देता देता सहज म्हटलं, तुमचे यजमान त्या दिवसांत रोज कबरींमधून हिंडले, मग तुम्हाला भर थंडीत रोज दोनदा बंब पेटवावा लागला असेल.

रुख्मिणीनं भाबडेपणानं सांगितलं की नाही बाई, बंब सकाळी एकदाच. त्या आठवड्यात त्यांना सर्दी होती. कबरस्थानातून येऊन अंघोळ केल्याशिवाय मी उंबरा ओलांडू दिला असता का?

आमच्या हिनं तिला आणखी एक तिळाचा लाडू दिला.

घरी आल्यावर ती मला हे सांगताना आनंदानं फुलून गेली होती. रामराव बागेत गेलाच नव्हता. गेला असता तर घरी अंघोळ, अंघोळ म्हणजे थंड वाऱ्यात ओलं डोकं, आणि सर्दीचा ताप झाला असता. म्हणून तो भिंतीच्या बाहेर खुर्ची टाकून बसला आणि आतून येणारे आवाज लिहून घेतले. सोवळ्यापायी बाहेर बसलेल्या कारकुनाचं शालिग्रामला आणि गोजरबाईला नवल वाटलं नसणार, आणि आम्ही कोणी त्यांना ते विचारलंही नव्हतं. पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून त्याला झाडांचे शेंडे दिसले, तेवढे त्यानं काढले. विहीर दिसली नाही, म्हणून नकाशात विहीर नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, त्यानं आळस केला. पण सात लॉब आले कुठून? भिंतीआडून बोलणारी माणसं दोनच, आणि दोघंही म्हणतात की आम्ही हे नाव घेतलं नाही.

तेवढ्यात शालिग्राम आमची वर्षाची ज्वारी घेऊन अंगणात आला. मी ओसरीत वर्तमानपत्र उघडलं. ती टोपलं धरून राशीपाशी उभी राहिली. शालिग्रामनं राशीला हात जोडले, पायली भरली आणि मोजायला सुरुवात केली.

पहिली पायली पडली आणि अन्नपूर्णाबाईच्या हातातलं टोपलं खाली पडलं.

मी धावत गेलो. ती अंगणात बसून पदर तोंडाशी धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी तीनदा विचारलं. तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की ऐतवारी सकाळी फाटकाबाहेर एक खुर्ची ठेवायला साहेबांना सांगा, आणि रामरावाला शिसपेन्सिल घेऊन बोलवा.

पाच

रविवारी सकाळी फाटकाशी निम्मं गाव जमलं होतं. बाग उघडणार म्हणून काही आले, गोजरबाईला काढणार म्हणून काही आले, आणि उरलेले काय चाललंय ते पाहायला आले. गोजरबाईनं आपली भांडीकुंडी गाठोड्यात बांधून दाराशी ठेवली होती. मला ते गाठोडं बघवेना. हॉकिन्स साहेब काळ्या कोटात, दुःखी चेहऱ्यानं उभे होते. त्यांनी मला हळूच सांगितलं की बुधवारपासून ते रोज प्रार्थनेत लॉब कुटुंबाचं नाव घेत आहेत, सातही जणांचं.

अन्नपूर्णाबाईनं पदर खोचला आणि रामरावाला फाटकाबाहेरच्या खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं की हिला कळलंय. तिनं सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढली नाही, एवढंच म्हणाली की तुम्ही तेव्हा लिहिलं तसंच लिहा, जे ऐकू येईल ते. मग शालिग्राम आणि गोजरबाई आत गेले.

भिंतीपलीकडून शालिग्रामची काठी दगडावर टेकल्याचा आवाज आला.

“लाभ.”

“मार्टिन सायेब,” गोजरबाईचा आवाज.

“दोन.”

“मेरी मडम.”

“तीन.”

रामराव मान खाली घालून लिहीत होता. ओळ संपल्यावर अन्नपूर्णाबाईनं कागद साहेबांना दिला आणि वाचायला सांगितलं. साहेबांनी चष्मा लावला. पहिलं नाव लॉब, दुसरं मार्टिन, तिसरं मेरी. ते वाचता वाचता थांबले, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला हे सांगायला लागावं? मापारी धान्य मोजताना एक म्हणत नाही. राशीची पहिली पायली म्हणजे लाभ, मग दोन, मग तीन. तसं म्हटल्यानं घरात बरकत राहते. माझ्या अंगणात दरवर्षी मी ते ऐकतो, आणि ऐकून ऐकून मला ऐकू यायचं बंद झालं होतं. रामरावाला तर त्याची कल्पनाच नव्हती. खाणावळीत वाढलेल्या माणसानं धान्याची रास कधी पाहिली होती? दोन, तीन, चार हे आकडे त्याला कळत, ते तो सोडून देई. राहिलं ते सगळं नाव समजून लिही, आणि साहेबांच्या नावांच्या रांगेत भिंतीआडून आलेलं लाभ त्याच्या कानाला लॉब लागे. ओळ बदलली की शालिग्रामची मोजणी नव्यानं सुरू होई आणि रामरावाच्या कागदावर आणखी एक लॉब जन्माला येई. घरी बसून त्यानं त्याचं इंग्रजी केलं आणि नकाशात प्रत्येकाला ओळीच्या तोंडाशी नीट जागा करून दिली.

मी हे साहेबांना इंग्रजीत समजावलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा त्यांना कळलं आणि ते हसायला लागले ते थांबेनातच. काळ्या कोटातला तो म्हातारा माणूस फाटकाचा गज धरून हसत होता, आणि त्याला पाहून गाव हसत होतं. हसता हसता ते आत गेले, टोपी काढली आणि गोजरबाईची माफी मागितली. तिला इंग्रजी कळलं नाही, पण टोपी कळली. तिनं गाठोडं उचललं आणि मुकाट्यानं घरात नेऊन ठेवलं. तेव्हा मात्र मला डोळे पुसावे लागले, मी ते लपवत नाही.

फाटकावर लावायला आता नकाशा नव्हता. साहेब म्हणाले, महिनाभर थांबू, नवा काढू. अन्नपूर्णाबाईनं मला सांगितलं ते मी त्यांना सांगितलं, की नकाशा हा काय समोर उभा आहे, लुगडं नेसून. मग साहेबांनी गोजरबाईला पुढे केलं आणि फाटक पूर्ण उघडलं.

किती माणसं आली ते साहेबांना हवं होतं, म्हणून शालिग्राम काठी घेऊन फाटकात उभा राहिला. कोणी पुढे होईना. कबरस्थानात पहिलं पाऊल कोणी टाकायचं, असा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. रामराव अजून खुर्चीशेजारीच उभा होता, भिंतीकडे पाहत. गोजरबाई बाहेर आली आणि त्याच्यासमोर थांबली.

“या ना, रामरावजी,” ती म्हणाली. “इहीर पाहाची हाय ना तुमाले?”

त्यानं बायकोकडे पाहिलं. रुख्मिणी गर्दीत होती. सगळं गाव तिच्याकडे पाहू लागलं, तशी ती लाजली, मग धीर करून म्हणाली, “जा तुम्ही. मी घरी जाऊन बंब पेटवते.”

रामरावानं वहाणा काढल्या आणि फाटकात पाऊल टाकलं. शालिग्रामनं काठी त्याच्या खांद्याला हलकेच टेकवली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“लाभ.”